चोरलेलं चालतं, मोफत दिलेलं चालत नाही

मागच्या महिन्यात शेजारचे काका लॅपटॉप काखेत मारून आमच्याकडे आले. नऊ-दहा वर्षांचा लॅपटॉप. म्हणाले, "दुकानदार म्हणतो भंगारात काढा. विंडोज दहा बंद झालं आणि अकरा यावर चालत नाही. नवा घ्यायचा तर चाळीस हजार."

काका त्यावर करतात काय? पेन्शनचा हिशेब, नातवाशी व्हिडिओवर गप्पा, सोसायटीची पत्रं, रात्री जुनी गाणी. कीबोर्ड ठीक, पडदा ठीक, बॅटरी दीड तास टिकते. यंत्राला काहीही झालेलं नाही. फक्त १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर असण्याची अट घातली. वर्षभराची मुदतवाढ मिळते, पण ती पुढे ढकललेली तारीखच. चालतं यंत्र एका तारखेला भंगार ठरलं.

दुकानदाराने दुसरा मार्गही सांगितला होता. "अट बायपास करून अकरा टाकून देतो, वर ऑफिस, फोटोशॉप, अँटिव्हायरस, सगळं फुल लोड. आठशे रुपये." काका मला विचारायला आले होते ते हेच, की आठशे जास्त होतात का?

आठशे रुपये महाग वाटतात का एवढाच प्रश्न त्यांना पडला होता. चोरीचा माल घ्यावा का, हा प्रश्न मनातही आला नाही. काका आयुष्यभर बँकेत होते. दहा रुपयांचा फरक लागला तर रात्री नऊपर्यंत बसून ताळा जुळवणारा माणूस. मी त्यांना नावं ठेवत नाही, कारण मीही पंधरा वर्षं हेच केलं. कॉलेजात सीडीवरून, मग पेन ड्राइव्हवरून, मग "ॲक्टिव्हेटर" चालवून. तो चालवण्याआधी सूचना काय असायची आठवतंय? "आधी अँटिव्हायरस बंद करा." अनोळखी माणसाने दिलेला प्रोग्राम आपण पहारेकऱ्याला सुट्टी देऊन घरात घ्यायचो, आणि नंतर त्याच कॉम्प्युटरवर नेटबँकिंग करायचो. वर "लिनक्स? ते हॅकर लोकांचं ना? सेफ असतं का?" असं विचारायचो.

कायद्याचंही सांगून टाकतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे जाणूनबुजून बेकायदा सॉफ्टवेअर वापरणं हा गुन्हा आहे. सात दिवस ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद न देता पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. घरी कुणी पकडायला येत नाही हे मलाही माहीत आहे. पण मुलाला परीक्षेत कॉपी करू नको म्हणायचं आणि त्याच्या दहाव्या वाढदिवसाच्या लॅपटॉपमध्ये सगळं चोरीचं भरून द्यायचं, हे जरा स्वतःशी ताडून बघा.

आता मूळ दुखणं सांगतो.

माझे बाबा प्राथमिक शिक्षक होते. १९९८ ते २००३ या काळात बदली होईल त्या गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून ते जात्यावरच्या ओव्या उतरवून घ्यायचे. साडेसहाशेच्या आसपास ओव्या जमल्या. प्रत्येकीखाली सांगणारीचं नाव, गाव आणि ती कुणाकडून शिकली ते. तालुक्याच्या गावात एक डीटीपीवाला होता, त्याच्याकडे पगारातून पैसे साठवून त्यांनी ते सगळं टाइप करून घेतलं. पुस्तक काढायचं होतं. ते राहिलं. कधी बहिणीचं लग्न, कधी आईचं ऑपरेशन. हाती राहिली एक सीडी आणि प्रूफाच्या प्रिंट.

सीडीवरची फाईल आजही शाबूत आहे. पण उघडत नाही. ती ज्या मराठी पॅकेजमध्ये केली ते डोंगलवर चालायचं. कॉम्प्युटरच्या मागे प्रिंटरच्या जागी एक डबी खोचायची, ती असेल तरच सॉफ्टवेअर चालू होणार. ती डबी डीटीपीवाल्याकडे होती. दुकान बंद झालं, डबी कुठे गेली कुणाला ठाऊक. असती तरी आजच्या कॉम्प्युटरला तसं पोर्टच नाही. फाईलची रचना कंपनीने कधी जाहीर केली नाही. एका मित्राने फाईलच्या पोटात शिरून बघितलं. अक्षरांचे तुकडे मिळाले, ओव्या मिळाल्या नाहीत.

त्या काळचे बहुतेक मराठी फाँट युनिकोडचे नव्हते हे पुष्कळांना माहीत असेल. कृतिदेवसारख्या फाँटमध्ये पडद्यावर दिसतो "क", पण फाईलमध्ये साठवलेला असतो इंग्रजीतला "डी". त्यावर फक्त क चं चित्र चिकटवलेलं. फाँट काढला की मराठी गायब आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा समोर. म्हणजे आपण वर्षानुवर्षं मराठीत लिहिलंच नाही, मराठीची चित्रं काढली. लायब्ररीतले अहवाल, दिवाळी अंकांच्या फाईली, पतपेढ्यांची इतिवृत्तं, किती ऐवज असा कुलूपबंद पडला असेल देव जाणे. आजही अनेक सरकारी पीडीएफमधून एक ओळ कॉपी करून पेस्ट करा, काय बाहेर येतं बघा.

बाबांच्या फाईलचा दोष मी कुठल्या एका कंपनीला देत नाही, म्हणून नावही घेत नाही. बाबांनी पैसे दिले होते, डीटीपीवाल्याने पॅकेज विकत घेतलं होतं, कंपनीला धंदा करायचा होता. कुणीच चोर नव्हतं. तरीही ज्या बायकांनी ओव्या सांगितल्या त्यातल्या बहुतेक आज हयात नाहीत, आणि त्यांचे शब्द एका हरवलेल्या डबीच्या ताब्यात आहेत. ज्या सॉफ्टवेअरची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते, त्यात लिहिलेलं तुमचं नसतं.

इथे मुक्त सॉफ्टवेअरचा विषय सुरू होतो. स्वस्ताईचा मुद्दा नंतरचा.

इंग्रजीत या प्रकाराला जो शब्द आहे त्याचे दोन अर्थ होतात, फुकट आणि मुक्त. त्यामुळे तिकडच्या लोकांचा जन्म समजावून सांगण्यात गेला. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, तरी आपण फक्त "फुकट" ऐकलं. रिचर्ड स्टॉलमन एमआयटीच्या प्रयोगशाळेत होता. नव्या लेझर प्रिंटरचा कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये त्याने सोय केली होती की कागद अडकला की सगळ्यांना निरोप जाईल. नव्या प्रिंटरचा मूळ कोड मागितला तर मिळाला नाही. तिथे त्याची ठिणगी पडली आणि सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने ग्नू प्रकल्प जाहीर केला. चार हक्क: कशाहीसाठी वापरा, आत बघा आणि बदला, दुसऱ्याला द्या, बदललेलंही वाटा. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने लिनक्सचा गाभा लिहिला आणि दोन्ही मिळून संपूर्ण प्रणाली उभी राहिली. तुमच्या खिशातल्या अँड्रॉइडच्या पोटात तोच गाभा आहे. "लिनक्स आपल्याला जमणार नाही" असं म्हणणारा माणूस हे बहुधा लिनक्सवरूनच टाइप करत असतो.

या हक्कांचा उपयोग काय, ते डोंगलशेजारी ठेवून बघा. ओपनऑफिस हे मोफत ऑफिस सन कंपनीच्या छत्राखाली होतं. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलने विकत घेतली. ते लिहिणाऱ्यांना भवितव्याची शंका आली, त्यांनी कोड उचलला, वेगळी संस्था काढली आणि नाव दिलं लिब्रेऑफिस. मालक बदलला, नावही बदललं, पण कुणाची एक फाईल बंद पडली नाही. तिचा फाईल प्रकार, ओडीएफ, २००६ पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. उद्या लिब्रेऑफिस बुडालं तरी ती फाईल कशी वाचायची ते छापील उपलब्ध आहे. बाबांच्या पॅकेजला हा नियम असता तर ओव्या आज वाचता आल्या असत्या.

आता घरी काय करायचं ते. पहिल्याच दिवशी विंडोज पुसू नका. तसं करणारे उत्साही लोक आठवड्यात परत येतात आणि मग आयुष्यभर सांगत सुटतात की "मी करून बघितलंय". आधी आहे त्या विंडोजवरच एकेक चोरीची वस्तू बाहेर काढा आणि तिच्या जागी मुक्त वस्तू ठेवा.

व्हीएलसी तुमच्याकडे आधीच असेल. १९९६ मध्ये पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या नेटवर्कवर व्हिडिओ बघायला सुरू केलेला हा उद्योग. जाहिराती घुसवण्यासाठी आलेले पैसे नाकारल्याचं त्याच्या प्रमुखाने जाहीर सांगितलं आहे. २०२२ मध्ये भारतात कित्येक महिने त्याचं संकेतस्थळच उघडत नव्हतं, कारणही कुणी सांगेना. कायदेशीर नोटीस गेल्यावर नोव्हेंबरमध्ये बंदी उठली. वापरणारे इतके, आणि आवाज किती जणांनी केला?

पत्रं, हिशेब, सादरीकरण यांसाठी लिब्रेऑफिस. यादीतलं एकच करणार असाल तर हे करा. ब्राउझर फायरफॉक्स, त्यात यूब्लॉक ओरिजिन जोडा. काकांच्या पिढीला फसव्या जाहिरातींपासून वाचवायला याच्याइतका साधा उपाय मला माहीत नाही. फोटोसाठी गिंप, पत्रिका-फलकाच्या रेखाटनासाठी इंकस्केप, चित्रकलेची आवड असलेल्या मुलांसाठी क्रिटा. आवाज ध्वनिमुद्रित करून कापायला ऑडॅसिटी, व्हिडिओ जोडायला केडेनलाइव्ह. पासवर्ड डायरीत लिहिता ना? कीपासएक्ससी वापरा. बालवाडी ते चौथीच्या मुलांना जीकॉम्प्री द्या, जरा मोठ्यांना स्टेलॅरियम. गच्चीवर न जाता आकाश दिसतं आणि मग मुलं आपणहून गच्चीवर जातात.

हे दोन-तीन महिने अंगवळणी पडलं की लिनक्स मिंट. पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरूनच कॉम्प्युटर चालू करा. आतलं काही न पुसता बघता येतं वाय-फाय, आवाज, प्रिंटर चालतोय का. जमलं तरच इन्स्टॉल करा, आणि त्याआधी आपल्या फाईलींची प्रत बाहेर काढून ठेवा. चार जीबी रॅमवर घरगुती काम व्यवस्थित होतं. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कळफलक आतच असतो, फक्त सेटिंगमध्ये जोडायचा. फाँट हवे असतील तर मुंबईच्या एक टाइपने केलेला "मुक्त" घ्या. तो नावाप्रमाणे मुक्त परवान्याचा आहे.

काकांच्या लॅपटॉपवर मिंट टाकलं. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घातली, एवढाच खर्च. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "अरे, तो अपडेट होतोय-होतोय म्हणून अर्धा तास अडवून ठेवायचा ना, ते आता नाही का येत?" नाही येत काका.

आता खोटं बोलायचं नाही. सगळं गोड नाहीये. घरी टॅलीवर धंद्याचे हिशेब असतील, डिजिटल सहीचं टोकन लावून रिटर्न भरत असाल, ऑटोकॅडवर पोट असेल, तर त्या यंत्रावर विंडोज ठेवा, पण पैसे देऊन ठेवा. काही प्रिंटर रुसतात. दुसऱ्याने पाठवलेल्या वर्ड फाईलमधले तक्ते लिब्रेऑफिसमध्ये कधी कधी सरकतात. एक्सेलचे मॅक्रो चालतीलच असं नाही. गिंप म्हणजे फोटोशॉप नव्हे, हात बसायला वेळ लागतो. पण गंमत बघा. कुठल्याही नव्या मोबाइलचं सगळं उलटंपालटं झालेलं आपण चार दिवसांत शिकतो. तिथे "जुन्यासारखं नाही" अशी तक्रार कुणी करत नाही.

हमखास येणारे तीन आक्षेपही घेऊन टाकू.

"फुकट म्हणजे दर्जा नाही." फुकट ते पौष्टिक म्हणणारे आपण, इथेच कसे चोखंदळ झालो? आणि तुमचं ते आठशे रुपयांचं फुल लोड कुठे विकत घेतलेलं असतं?

"कोड उघडा म्हणजे चोरालाही दिसतो." दिसतो. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या छोट्या घटकात कुणीतरी दोन-तीन वर्षं सज्जनपणाचं सोंग घेऊन चोरदरवाजा बसवला होता. तो सापडला कसा? आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला सर्व्हरमध्ये शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं आणि तो कोड खणत गेला. तो स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. कोड बंद असता तर हा अर्धा सेकंद त्याने कुठे शोधला असता? मात्र या घटनेची दुसरी बाजूही आहे. तो घटक सांभाळणारा माणूस एकटा आणि थकलेला होता. जगभर वापरला जाणारा तुकडा एका माणसाच्या फावल्या वेळावर उभा, हे मुक्त जगाचं खरं दुखणं आहे, आणि त्यात आपण फक्त घेणारे.

"मुलांना नोकरीत वर्डच लागतं." मुलांना परिच्छेद, शीर्षकं, सूत्रं आणि तक्ते समजले की कुठलाही प्रोग्राम आठवड्यात येतो. आपण मात्र संगणक शिकवण्याच्या नावाखाली एका कंपनीच्या बटणांच्या जागा पाठ करून घेतो. केरळने शाळांचा आयटी विषय वर्षानुवर्षं मुक्त सॉफ्टवेअरवर चालवला आहे. शिक्षकांचं प्रशिक्षण त्यावर, परीक्षा त्यावर, शाळांसाठी स्वतःची लिनक्स आवृत्तीही आहे. तिथली मुलं काय बेकार बसली आहेत? आपल्या देशातल्या तालुका-जिल्हा न्यायालयांत उबुंटूवर आधारित प्रणाली चालते. केंद्र सरकारचं मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारण्याचं धोरण २०१५ पासून कागदावर आहे. न्यायाधीशांना जमतं ते आपल्या शाळांना आणि ग्रामपंचायतींना का जमत नाही?

हा केवळ पैशांचा प्रश्न नाही. जुलै २०२५ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीवर, तिच्यातल्या रशियन भागीदारीमुळे, युरोपियन युनियनने निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टने कंपनीच्या ईमेलसह सेवा बंद केल्या. पैसे भरणारं गिऱ्हाईक होतं ते. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, मग सेवा परत सुरू झाली. भारताने निर्बंध घातलेले नव्हते, भारतातला कायदा मोडलेला नव्हता. त्यानंतर स्वदेशीची लाट आली, मंत्र्यांनी झोहोवर गेल्याचं जाहीर केलं. भारतीय कंपनी मोठी व्हावी, मला आनंदच आहे. पण स्वदेशी कुलूप हेही कुलूपच असतं. बाबांचं डोंगल पूर्ण स्वदेशी होतं.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. जनतेच्या पैशातून लिहून घेतलेलं सॉफ्टवेअर जनतेसाठी मुक्त असावं. सरकारने फाईल मागताना खुल्या प्रकारात मागावी आणि खुल्या प्रकारातच द्यावी. शाळेच्या पाठ्यक्रमातून कंपन्यांची नावं काढून कौशल्यांची नावं घालावीत. आणि ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला म्हणून पेढे वाटणाऱ्यांनी, दर २७ फेब्रुवारीला भाषेच्या अभिमानाचं स्टेटस ठेवणाऱ्यांनी, वर्षातून एक काम करावं. फायरफॉक्स, लिब्रेऑफिस मराठीत वापरता येतात. अनुवाद कुठे कृत्रिम वाटतो, कुठे अर्धवट आहे. त्याला आपण हसतो. तो सुधारण्याचं दार उघडं आहे, तिथे रांग नाही. ते जमत नसेल तर ज्या प्रकल्पावर रोजचं काम चालतं त्याला वर्षाला दोनशे रुपये पाठवा. फुल लोडचे आठशे वाचलेच आहेत.

बाबांच्या ओव्यांचं काय झालं ते सांगून थांबतो. प्रूफाची दोनशे बारा पानं होती. चाळीस वाळवीने खाल्ली. उरलेली एकशे बाहत्तर स्कॅन केली आणि टेसरॅक्टला दिली. हा छापील अक्षरं ओळखणारा प्रोग्राम एचपीमध्ये जन्मला आणि २००५ मध्ये मुक्त झाला. त्याला मराठी वाचता येतं. ल चा ळ व्हायचा, रफार उडायचे, "ऱ्या" तर हमखास चुकायचा. मग बाबा चष्मा लावून प्रूफ मोठ्याने वाचायचे आणि मी दुरुस्त करायचो. मध्येच थांबून म्हणायचे, "ही सांगताना म्हातारी रडली होती." चार महिने दर रविवारी हे चाललं. आता ते युनिकोडमध्ये आहे, ओडीएफ फाईलमध्ये, चार ठिकाणी प्रती ठेवल्या आहेत. माझ्या नातवालाही उघडता येईल.

वाळवीने खाल्लेल्या चाळीस पानांवरच्या ओव्या त्या सीडीवर आहेत. शाबूत. फक्त किल्ली नाही.

तुमच्या घरात असली एखादी सीडी असेल तर या रविवारी बाहेर काढा, उघडतेय का बघा. आणि शेजारच्या दुकानात लॅपटॉप फुल लोड करायला नेण्याआधी एक संध्याकाळ, एक पेन ड्राइव्ह खर्च करा. अडलं तर मला मेसेज करा. रविवारी सकाळी मी मोकळा असतो. ओव्यांचं काम संपलंय.